साखळीवाल्याची जागा

आमच्या गावात फुटबॉल कळत नाही असा एकही माणूस नाही, आणि ज्यांना खरंच कळत नाही ते रोज सकाळी माझ्या खानावळीत येऊन बसतात. खिडकीजवळचं गोल टेबल त्यांचं. मी इथं लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं झाली, नवरा जाऊन दहा झाली, तरी आर्डिथ म्हणजे 'ती बाहेरून आलेली'. पण कॉफी माझी आणि टेबलही माझं. त्यामुळे त्यांना माझं ऐकून घ्यावं लागतं आणि मला त्यांचं.

मका निघाला की नेब्रास्काच्या या कोपऱ्यात शेतं बोडकी होतात, वारा थेट अंगावर येतो, आणि बोलायला एकच विषय उरतो: शाळेचा संघ. शाळा एवढीशी, म्हणून संघात अकरा नाही, आठच पोरं खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलात तर चेंडू तुमच्याकडे, नाही तर गेला समोरच्यांकडे. ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन काठ्या असतात आणि त्यांच्यामध्ये साखळी. त्यातली पुढची काठी व्हर्लिन ह्रूबीच्या हातात. मी गावात आले तेव्हाही त्याच्याच हातात होती.

ती त्याच्याकडे आली कशी, तेही सांगते. एका शुक्रवारी साखळीवाला आजारी पडला. कुणीतरी म्हणालं, "व्हर्लिन, जरा धर रे." त्यानं जी धरली ती धरलीच. व्हर्लिन असाच. काउंटीच्या मातीच्या रस्त्यांवर पातं फिरवून ते सपाट करायचं काम त्यानं जन्मभर केलं. दिवसभर यंत्राच्या काचेच्या खोक्यात एकटा, पुढं रस्ता, मागं धूळ. संध्याकाळी घरी आला की लव्हॉन, त्याची बायको, दोघांचं बोलून घ्यायची. मूलबाळ नव्हतं. शुक्रवारी मात्र दोघं शाळेच्या मैदानावर यायचे, आणि फाटकातून आत आले की दोन दिशांना जायचे.

कारण साखळीवाले उभे राहतात पलीकडच्या कडेला, पाहुण्या संघाच्या बाजूला. आपली माणसं इकडे, आणि हे तिकडे परक्यांच्या पुढ्यात. शिवाय त्यांनी ओरडायचं नाही. साखळी कुणाच्याच बाजूची नसते, असा नियम आहे. बाकीचे साखळीवाले गुपचूप मूठ वळायचे, पुटपुटायचे. व्हर्लिन पुटपुटतही नसे. आपल्या पोरानं साठ यार्ड पळत जाऊन गुण केले तरी हा काठी उचलून शांतपणे त्याच्यामागं चालत जायचा. पाहुण्यांना वाटायचं, हा आपल्याच गावचा कुणी दुःखी माणूस आहे.

लव्हॉन इकडे वर बसायची, वरून तिसऱ्या रांगेत, बरोबर मधोमध. गळ्यात पिवळा मफलर. सामना सुरू व्हायच्या आधी ती तो एकदा वर करायची, आणि तिकडून व्हर्लिन टोपीला हात लावायचा. तेवढंच. एवढ्या वर्षांत दोघांनी एकही सामना शेजारी बसून पाहिला नाही. घरी जाताना गाडीत ती त्याला सांगायची आपली माणसं काय म्हणाली, आणि तो तिला सांगायचा परकी काय म्हणाली. दोघांचं मिळून एक फुटबॉल व्हायचं.

ती आजारी पडली तेव्हा एकदा माझ्यासमोरच त्याला म्हणाली होती, "एकदा तरी वर येऊन बस रे. इथून वेगळंच दिसतं सगळं."

"पुढच्या वर्षी," व्हर्लिन म्हणाला होता. पुढचं वर्ष तिला मिळालं नाही. आणि ती गेल्यावर तर यानं काठी आणखीच घट्ट धरली, कारण वर जायला आता कारण राहिलं नव्हतं. दोन हंगाम गेले तसेच.

यंदा बाद फेरीचा पहिला सामना आमच्याच मैदानावर झाला. जिंकलो. पण तिसऱ्या सत्रात एक पोरगा रेषेबाहेर भरधाव आला, आणि बाकीचे साखळीवाले काठ्या टाकून मागं सरले तरी व्हर्लिन सरला नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी गुडघे मालकाला विचारून हलतात. पोरगा त्याच्यावर आदळला. फार लागलं नाही, पण पंचानं बघितलं. सोमवारी शाळेतला खेळांचा मास्तर त्याच्या घरी गेला, डोनट घेऊन. "येत्या सामन्याला आराम करा," म्हणाला. काठी त्यानं स्वतःच्या मेव्हण्याला दिली.

व्हर्लिन तिथून सरळ माझ्याकडे आला. खानावळ रिकामी होती. तो टेबलावर न बसता काउंटरशी बसला.

"आराम कर म्हणतात," तो म्हणाला.

"मग कर की. थंडीत पाय मोडून घेण्यापेक्षा बरं."

त्यानं खडीसाखरेसारखी कडक झालेली साखर चमच्यानं फोडली. "आर्डी, शुक्रवारी मी वर बसणार आहे. लव्हॉनच्या जागेवर."

एवढं बोलून तो लाजला. मी त्याचा कप भरला. मला फार बरं वाटलं, आणि काळजीही वाटली. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही, तो जेव्हा काहीतरी हवं म्हणतो, तेव्हा ते त्याला मिळेपर्यंत आपल्यालाच चैन पडत नाही.

मंगळवारी टेबल भरलं. टेबल म्हणजे तिघं आणि व्हर्लिन. डॉइल, धान्याच्या कोठाराचा निवृत्त व्यवस्थापक; कोठार गेलं पण आवाज कोठाराएवढाच राहिला. लुमीर, ज्याच्या मते आम्ही प्रत्येक सामना हरणार असतो. आणि जनेल, शाळेची बस चालवते, आणि या तिघांत फुटबॉल कळणारी ती एकटीच. म्हणून तिचं कुणी ऐकत नाही.

शुक्रवारी पुन्हा आमच्याच मैदानावर समोर होता बेकर फ्लॅटचा संघ. अख्ख्या हंगामात एकही सामना न हरलेला.

"तो ओल्टमन्सचा पोरगा बघितलात?" डॉइल म्हणाला. "मान नाहीच त्याला. डोकं डायरेक्ट खांद्यावर ठेवलंय."

"हरलो आपण," लुमीर म्हणाला आणि कोलाचे उचलला. आमच्याकडे अर्ध्या गावाचे आजे-पणजे बोहेमियातून आलेले, त्यामुळे सकाळी मधे जर्दाळू भरलेली ही गोड पावासारखी चकती मिळाली नाही तर दिवस उजाडत नाही.

"मागच्या सामन्यालाही हरलो म्हणालास. वीस गुणांनी जिंकलो."

"ते जिंकणं काही खरं नव्हतं."

जनेल म्हणाली, "त्या ओल्टमन्सचा डावा घोटा दुखतोय. मागच्या आठवड्यात तो फक्त उजवीकडेच वळत होता."

"तुला कुणी सांगितलं?"

"डोळ्यांनी. दोन तास गाडी हाकत गेले होते बघायला. तुम्ही बसा इथं जर्दाळू चघळत."

"बाईनं घोटा बघितला म्हणे," डॉइल मला डोळा मारत म्हणाला. "अगं, मी त्याची मांडी बघितली. आमच्या दाराच्या खांबाएवढी आहे. एक घोटा गेला तरी त्याला काय फरक पडतो?"

"आणि आपला कोल्बी?" लुमीर म्हणाला. कोल्बी रेझाक म्हणजे आमचा मुख्य खेळाडू, चेंडू फेकणारा. त्याच आठवड्यात गुरांच्या फाटकात त्याचं मधलं बोट चेचलं होतं. "बोटाला टाके. फेकणार कसा? संपलं."

"नाही फेकला तर पळेल."

"पळताना चेंडू पडेल."

"लुमीर, तू लग्नातही असंच बोलला होतास का रे?"

"बोललो होतो. आणि पाऊस आलाच."

मग डॉइल व्हर्लिनकडे वळला. "तू सांग बाबा. तू तर या लोकांच्या पुढ्यात उभा असतोस. त्यांचा कोच कसा आहे?"

"खाकरतो," व्हर्लिन म्हणाला.

"म्हणजे?"

"चेंडू फेकायचा असला की आधी खाकरतो."

टेबल हसून हसून हललं. "मग शुक्रवारी तो खाकरला की तू काठी वर कर," डॉइल म्हणाला.

"शुक्रवारी मी साखळीवर नाही." व्हर्लिननं कपाकडे बघत सांगितलं. "आराम कर म्हणाले."

टेबलाचं हसणं थांबलं. बातमी सगळ्यांना आधीच माहीत होती. आमच्याकडे मास्तरानं डोनट विकत घेतले तेव्हाच ती फुटली असणार. पण त्याच्या तोंडून ऐकायला ते तयार नव्हते.

"मग फार छान झालं," डॉइल म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "आमच्यात बस. इतकी वर्षं त्या परक्यांत काढलीस, आता माणसांत ये."

"आमच्याकडे ये," जनेल म्हणाली. "वारा लागत नाही आमच्या रांगेत."

"कुठंही बस," लुमीर म्हणाला. "हरणार तर आहोतच."

व्हर्लिनच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं ते मला सांगता येत नाही. तो नुसता कप फिरवत होता, पण कान लाल झाले होते. पुढच्या तीन दिवसांत त्याला आणखी निदान चार जणांनी वाटेत थांबवून हेच सांगितलं. टपालवाली म्हणाली, गॅरेजवाला म्हणाला. आमच्यात ये, आमच्यात ये. सगळ्यांनी मनापासून बोलावलं, आणि नेमकी तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. सगळ्यांनी बोलावल्यामुळे प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं त्याची जागा धरली असेल.

आमच्या बाकांना आकडे नाहीत. नुसत्या लांबलचक फळ्या, एकावर एक. बाद फेरीच्या सामन्याला सगळं गाव लोटतं, म्हणून जागा धरायची पद्धत अशी: आपलं ब्लँकेट नेऊन फळीवर अंथरायचं, कडेला वीट ठेवायची, झालं. दुसऱ्याच्या ब्लँकेटला कुणी हात लावत नाही. इथं लोक गाडीत किल्ली ठेवून बाजारात जातात आणि कुणी गाडी नेत नाही, पण ब्लँकेट सरकवलं असं कळलं तर चर्चमध्ये शेजारी बसणार नाहीत. आणि नियम असा की सामन्याच्या दिवशी उजाडल्याशिवाय ब्लँकेट टाकायचं नाही. हा नियम शाळेच्या फाटकावर लिहिलेला आहे आणि गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. म्हणूनच सगळे आदल्या संध्याकाळीच टाकून येतात.

व्हर्लिनला नियम माहीत होता. दुसरं माहीत नव्हतं. कसं असणार? तो बाकांवर कधी बसलाच नव्हता.

शुक्रवारी सकाळी तो टेबलाची माणसं यायच्या आधी आत आला. काखेत ब्लँकेट होतं, लव्हॉनच्या हातचं, चौकोन जोडून शिवलेलं. दुसऱ्या हातात वीट. थंडीनं नाक लाल.

"टाकलं नाहीस?" मी विचारलं.

"जागा नाही."

"म्हणजे काय, जागा नाही? उजाडलंय कुठं नीट?"

"खालपासून वरपर्यंत भरलंय." त्यानं वीट काउंटरवर ठेवली, मग बरं दिसत नाही म्हणून उचलून पायाशी ठेवली. "वरून तिसऱ्या रांगेत डॉइलचं आहे, त्याच्या सुनेचं आहे, पुढं जनेलचं. एकमेकांवर चढलीयत. फट नाही कुठं."

"मग सरकव त्या डॉइलचं. घोड्याची झूल अंथरलीय मेल्यानं, चौघं बसतील त्यावर."

"दुसऱ्याचं सरकवायचं नसतं."

"मी त्याला फोन करते. आत्ता."

"नको." इतक्या स्पष्ट आवाजात मी त्याला नकार देताना कधी ऐकलं नव्हतं. "जागा मागून बसलो तर सगळे सरकतील, आर्डी. हसत हसत सरकतील. आणि सामना संपेपर्यंत मला कळत राहील की सरकलेत."

सामन्याच्या दिवशी मला स्वतःला जागा नसते. मैदानाच्या टोकाला पत्र्याची खोली आहे, तिथं मी चिली, म्हणजे मांस आणि राजम्याचा तिखट रस्सा, विकते, बरोबर दालचिनीचा गोड रोल, तिखटात बुडवून खायला. बाहेरचे लोक नाक मुरडतात, मुरडोत. "माझ्याकडे ये," मी म्हटलं. "आत शेगडी आहे. खिडकीतून अर्धं मैदान दिसतं."

"तुझ्याकडे गर्दी." त्यानं ब्लँकेटची घडी नीट केली. "मला फार काही नको होतं. वरून तिला मी केवढा दिसायचो, तेवढंच बघायचं होतं."

मी आत जाऊन भांडी घासली. घासायला एकही भांडं नव्हतं, तरी घासली.

संध्याकाळी दिवे लागले. वारा असा की कागदी कप हातातून उडत होते. बेकर फ्लॅटची माणसं बसगाड्या भरून आली, निळे कोट, निळ्या टोप्या. माझ्या खिडकीसमोरून सगळं गाव गेलं. डॉइल घंटा घेऊन, जनेल तोंडाला पिवळा रंग फासून, लुमीर लोकांना "कशाला आलात" विचारत. तिघांनीही मला विचारलं, "व्हर्लिन दिसला का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढं गेले, कारण मागून गर्दी ढकलत होती आणि आपण विचारलं एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

तो सर्वांत शेवटी आला. काखेत ब्लँकेट. मी दिलेली चिली त्यानं घेतली, टोपीला हात लावला, आणि फाटकातून आत गेल्यावर पाय आपोआप वळावेत तसा डावीकडे वळला, पलीकडच्या बाकांकडे. निळ्या कोटांत त्याचा तपकिरी कोट मला थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला.

सामन्याचं सगळं सांगत बसत नाही. ते अजून टेबलावर रोज सांगितलं जातंय. मान नसलेला पोरगा खरंच फक्त उजवीकडे वळत होता, पण वळला की तीन जणांना घेऊन पडायचा. शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो. माझ्या खिडकीशी गिऱ्हाईक उरलं नव्हतं. चेंडू कोल्बीकडे होता. त्यानं फेकायचा आव आणला, मग टाके घातलेला हात छातीशी धरून पळाला, तो पलीकडच्या कडेनं. तिथं बेकर फ्लॅटची पाच-सहा पोरं त्याच्यावर तुटून पडली आणि ढीग झाला. आमच्या बाजूला सगळे उभे राहिले आणि एकदम चिडीचूप झाले. संपलं, असंच सगळ्यांना वाटलं. ढिगापलीकडं काय चाललंय ते इकडून कुणालाच दिसत नव्हतं.

तिकडेही सगळे गप्प होते. मग त्या गप्पपणात तिकडून एक आवाज आला. एकाच माणसाचा. फाटलेला, गंजलेलं फाटक जोरानं उघडावं तसा. "पळ रे पोरा, पळ! पळ! पळ!" तो थांबेचना. श्वास घेऊन पुन्हा ओरडत होता, जणू ओरडायचं किती साठलंय ते त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

कोल्बी ढिगाच्या पलीकडून निसटला होता. रेषेवरून, पायाच्या बोटांवर. आम्हाला कळलं तेव्हा सहा गुणांची खूण म्हणून पंचाचे हात वर गेले होते.

मग काय झालं विचारू नका. घंटा, भोंगे, रडारड. सगळं गाव मैदानात उतरलं, पोरांना मिठ्या मारायला. डॉइलनं त्याला न आवडणाऱ्या मास्तरालाही मिठी मारली. मी पत्र्याच्या दारात उभी राहून पलीकडे बघत होते. पाहुणे शांतपणे उतरून बसगाड्यांकडे चालले होते. व्हर्लिन मला दिसला तो मैदानाच्या कडेला. मास्तराचा मेव्हणा काठ्या तशाच टाकून जल्लोषात पळाला होता. व्हर्लिन ब्लँकेट काखेत धरून साखळी गुंडाळत होता.

शनिवारी तो लवकर आला आणि काउंटरशी बसला. कप पुढं केला.

"कॉफी?" मी विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. नुसती हवा. त्यानं घशाकडे बोट केलं आणि ओशाळून हसला.

मला तेव्हा कळलं. तीस वर्षं मी त्याला ओळखते, पण तो आवाज मला ओळखू आला नव्हता, कारण तो आधी कुणी ऐकलाच नव्हता. मी गरम पाण्यात मध घालून त्याच्यापुढं ठेवलं. तो हळूहळू, कुजबुजत, मला सांगू लागला. शेजारी एक बाई होती, मांडीवर थर्मास. तिनं विचारलं, "आजोबा, यातला तुमचा नातू कोणता?" हा म्हणाला, "कुणीच नाही." ती थोडी सरकली आणि थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून दिली. याला वाटलं होतं की समोर वरून तिसऱ्या रांगेत बघितलं की लव्हॉनची जागा कळेल. इतकी वर्षं तिथंच तर बघत आला होता. पण सगळीकडे पिवळंच पिवळं, आणि तिची जागा कुठं संपते, कुणाची सुरू होते, ते काही कळेना.

"तिची जागा बुजलीय," तो म्हणाला.

मग तिघं आले, एकमेकांना ढकलत, आणि त्याला हात धरून टेबलाशी नेलं. कालचा सामना पहिल्यापासून पुन्हा खेळला गेला. मग पुढच्या शुक्रवारचा विषय निघाला. या वेळी बाहेरगावी, तीन तासांच्या वाटेवर.

"त्यांच्याकडे एक लाथ मारणारा आहे म्हणे, पन्नास यार्डांवरून चेंडू दांड्यांतून काढतो," डॉइल म्हणाला.

"हरलो," लुमीर म्हणाला.

"वारा असेल तर त्याला नाही जमणार," जनेल म्हणाली. "तिथलं मैदान मी बघितलंय. उघडं आहे."

"वारा नसणार त्या दिवशी," लुमीर म्हणाला.

डॉइल एकदम मांडी थोपटून हसायला लागला. "पण काल त्यांच्या बाजूनं कोण ओरडत होतं रे? ऐकलंत?" त्यानं डोळे फिरवून नक्कल केली. "पळ रे पोरा, पळ! मला वाटलं कुणाला झटका आला. बेकर फ्लॅटचा माणूस आणि आपल्या पोराला पळ म्हणतोय. कोण होता कोण जाणे, पण त्या लोकांत राहून माणूस आपला निघाला."

जनेलही हसली. व्हर्लिनही हसला, आवाजाशिवाय. "आणि तू कुठं होतास?" डॉइलनं त्याच्या खांद्याला हात लावला. "मी सारखा मागं वळून बघत होतो. मिळाली ना जागा?"

व्हर्लिननं मान डोलावली. मिळाली.

"छान. पुढच्या शुक्रवारी आमच्यात बस पण. नक्की."

कॉफीचं भांडं माझ्या हातात होतं. मी ते टेबलावर ठेवलं, जरा जोरातच. तोवर मला राग आलाय हे मलाही कळलं नव्हतं.

"तो व्हर्लिन होता," मी म्हटलं. "ओरडणारा. पलीकडे बसला होता, कारण इकडे त्याच्यासाठी हातभर जागाही कुणी ठेवली नव्हती."

व्हर्लिननं माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. पण उशीर झाला होता. लुमीरनं हातातला कोलाचे खाली ठेवला. जनेल खिडकीबाहेर बघायला लागली. डॉइल हसत होता तसाच होता, हसणं चेहऱ्यावरून उतरायला त्याला वेळ लागला.

"अरे, पण..." तो म्हणाला. "मला वाटलं, जनेल... अरे, मग सांगायचं ना! आमच्यात का नाही बसलास?"

व्हर्लिन काहीतरी बोलला. ओठ हलले, ऐकू काही आलं नाही.

"काय?" डॉइलनं कान त्याच्या तोंडाजवळ नेला. सगळे वाकले.

व्हर्लिननं पाण्याचा एक घोट घेतला, घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं. "बसायचं होतं."

डॉइल तसाच वाकून राहिला. मग त्यानं आपला कप उचलला. तो रिकामा होता, तरी तो बराच वेळ पीत राहिला.